उजव्या कडेची बोटभर पट्टी

१

बाइंडिंगच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं पुस्तकांच्या कडा छाटून जो माणूस घरी बसला, त्याला सगळे ‘काटकोन’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. त्यालाही राग नव्हता, उलट छाती जराशी फुगायचीच. टेबलावरचं वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला धरून नसेल तर याच्या घशाखाली चहा उतरत नसे. एकदा दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत होते, तर हा पठ्ठ्या मधेच उठला आणि त्यांच्या मागचं तिरकं कॅलेंडर सरळ करून परत येऊन बसला. डॉक्टर म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे. बाकीचं माझ्याकडे येत नाही.”

तीन वर्षांपूर्वी काटकोन आणि त्याची बायको मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तिसरा मजला, लिफ्टसमोरचं दार. मुलगा, सून, बायको आणि हा. चार माणसं. आकडा सोपा आहे, पण लक्षात ठेवा, मी उगाच सांगत नाही.

आयुष्यभराचं घर सोडून मुलाच्या घरात आलेल्या माणसाला उभं कुठं राहावं तेच कळत नाही. सोफ्यावर बसला तर पाहुणा वाटतो, स्वयंपाकघरात शिरला तर मांजरासारखा हाकलला जातो. काटकोनानं आपल्यापुरता तोडगा काढला. बाहेरच्या दारातून आत आल्यावर जो चिंचोळा पॅसेज लागतो, तिथं त्यानं भिंतीला एक अरुंद टेबल लावलं. वर लोखंडी पट्टी, काटकोन मापायचा गुण्या, सुरी, चिकटवायच्या खळीची वाटी आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी. दिवसभर हा तिथं. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याचा धक्का लागायचा आणि त्यालाही तेवढंच बरं वाटायचं.

बायको मात्र रमली. गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात दुपारी कोलाजचा वर्ग भरायचा, तिथं ती जाऊ लागली. शिकवणारी बाई मोठी गमतीची. तिनं सगळ्यांना एकच विषय दिला: माझं घर. आणि वर तीन अटी. घर त्याच घरातल्या कपट्यांनी करायचं, बाहेरचं काही नको. माणसं पाठमोरी करायची, कारण कागदाचे चेहरे मेल्यासारखे दिसतात. आणि कडा छाटायच्या नाहीत. घर काही पट्टीनं आखून होत नसतं, असं ती म्हणे.

हे ऐकल्यावर काटकोन दोन दिवस एकटाच हसत होता.

दीड महिना खपून बायकोनं चित्र पुरं केलं. हॉलच्या भिंती जुन्या पडद्याच्या, स्वयंपाकघर चहाच्या पुड्यांच्या कागदांचं, मुलाच्या खोलीला त्याच्या शर्टाच्या चौकटी. सून खिडकीशी, मुलगा पलंगावर, ती स्वतः ओट्यापाशी, सगळे पाठमोरे. तिच्या निळ्या गाऊनच्या कापडाची एक लांब चिंधी ओट्यापासून निघून दोन खोल्या ओलांडत उजवीकडे गेली होती. काटकोनाला ती पडद्याची दांडी वाटली.

आणि कडा! देवा रे. एक वर, एक खाली, उजवीकडे तर सरळ दाढीचे खुंट.

बायको आत झोपली होती. त्यानं चित्र टेबलावर घेतलं. उजव्या कडेला बोटभर तपकिरी कापड होतं. बाइंडर लोक चित्राचा कागद फाटू नये म्हणून कडेला असं कापड डकवतात आणि काम झालं की छाटून टाकतात. एक्केचाळीस वर्षं त्याच्या डोळ्याला तपकिरी कड दिसली की हात आपोआप सुरीकडे जायचा. गेला. कापडाला काय आकार आहे ते त्यानं पाहिलंही नाही. गुण्या लावला, पट्टी दाबली. कर्र. एका दमात.

चित्र काटकोनात आलं. सांगतो तुम्हाला, दीड महिन्यात त्याच्या मनाला इतकी शांतता मिळाली नव्हती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं चहाचा ट्रे आणला. त्यात तीन कप.

“चौथा कुणी पळवला?” काटकोन म्हणाला.

सुनेनं ट्रेकडे पाहिलं, मग बोटांनी मोजलं. एक, दोन, तीन. “अय्या बाबा! मी सगळ्यांचा ओतला असंच वाटलं मला.” ती हसत आत गेली, कप घेऊन आली. चहा जेमतेम अर्धा होता. बाकीच्यांच्या कपातून काढलेला दिसत होता.

चूक कुणाच्या हातून होत नाही? काटकोनानं एकदा अख्ख्या शब्दकोशाला उलटी पाठ बसवली होती. त्यानं तो अर्धा कप संपवला.

संध्याकाळी जेवायला तीन ताटं मांडलेली. या वेळी मांडली होती बायकोनं.

“अगं, उपास आहे का माझा?”

बायको दचकली. दचकली म्हणजे अशी की मागून कुणीतरी अचानक बोलावं. मग म्हणाली, “काय माणूस आहात हो, आवाज न करता येऊन बसता!”

तो तिथंच बसला होता. तिच्यासमोर. दहा मिनिटं.

“हात का चोळतेयस?” त्यानं विचारलं.

“मनगट दुखतंय कालपासून. इथं, या हाडावर. कुणी सुतानं आवळल्यासारखं.”

ती उजवं मनगट चोळत होती आणि चोळता चोळता पॅसेजकडे पाहत होती. तिथं कुणीच नव्हतं. साहजिक आहे, तिथला माणूस जेवायला आला होता.

३

तिसऱ्या दिवशी तो दूध आणायला खाली उतरला. दूधवाल्यानं नेहमीसारखीच खेचली: “काय काटकोन, आज पिशवी सरळ धरलीय ना?” चांभारानं हात केला. वाचनालयाच्या पायरीवर ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. त्यांनी आठवण करून दिली, पुस्तक परत करायची तारीख शुक्रवारी आहे. गल्लीत सगळं जिथल्या तिथं होतं. काटकोन खुशीत परतला.

बिल्डिंगच्या फाटकाशी वॉचमननं आडवा हात घातला.

“कुणाकडे?”

“तुझ्या सासऱ्याकडे,” काटकोन म्हणाला. दोघांची ही रोजची चेष्टा. वॉचमन हसला नाही. वही पुढं केली.

“नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा, येण्याचं कारण लिहा.”

काटकोनानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. चेष्टा करणाऱ्या माणसाचा डोळा कुठंतरी चमकतोच, लपवून लपत नाही. हे मला विचारा, जन्म गेलाय त्यात. वॉचमनच्या डोळ्यात काही चमकत नव्हतं. तिथं फक्त एक कामसू माणूस एका अनोळखी म्हाताऱ्याकडे बघत होता.

त्यानं लिहिलं. नाव, नंबर. येण्याचं कारण या रकान्यापाशी पेन थांबलं. शेवटी त्यानं ‘दूध’ असं लिहिलं.

वर जाऊन बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं. फटीत सुनेचा अर्धा चेहरा.

“कोण हवंय?”

“अगं, मी.”

“मी म्हणजे कोण?”

मोजून चार श्वास गेले असतील. मग तिच्या भुवया वर गेल्या, साखळी खळकन सुटली. “बाबा! काय बाई, माझं डोकं ठिकाणावर नाही आज. या ना, या.”

‘या ना’ म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं.

त्यानं चपला काढल्या, सरळ रेषेत ठेवल्या आणि स्वतःशी हिशेब मांडला. सुनेला ऑफिसचा ताण. वॉचमनची पाळी दुहेरी. बायकोला नवा चष्मा हवा. सगळ्याला कारण होतं. फक्त ही सगळी कारणं एकाच आठवड्यात, एकाच घरात जमली होती, आणि ते काही केल्या काटकोनात बसेना.

४

दुपारी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर बायकोनं चित्र काढून पलंगावर पसरलं आणि ती समोर बसली. बराच वेळ. काटकोन दारात उभा राहून पाहत होता.

“काय शोधतेयस?”

“काहीतरी राहिलंय हो यात. काय ते आठवत नाही.”

“कडा बघितल्यास का? मी सरळ केल्या,” तो जरा तोऱ्यातच म्हणाला. शाबासकीची आशा वाईट असते.

बायकोनं उजव्या कडेवरून बोट फिरवलं. निळी चिंधी दोन खोल्या ओलांडून कडेपर्यंत आली होती आणि तिथं धारेनं तुटली होती.

“इथं पॅसेज होता,” ती हळूच म्हणाली.

“पॅसेज?”

“पॅसेज, बाहेरचं दार आणि... दाराशी कुणीतरी होतं. तपकिरी. मी कारखान्याच्या जुन्या एप्रनचं टोक कापलं होतं त्यासाठी. कुणाचा एप्रन हो तो?”

काटकोन पुढं येऊन चित्रावर वाकला.

“माझा.”

“तुमचा.” तिनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. नजर त्याच्यापर्यंत यायला वेळ लागला, लांबून चालत आल्यासारखी. “हो की. तुमचाच. तुम्हालाच केलं होतं मी. दाराशी पाठमोरं उभं. दिवसभर तिथंच तर असता, दार सरळ बसतंय का बघत.” ती हसली. मग हसू विझलं. “कसं केलं होतं बरं मी? खांदे कसे होते?”

बायकोनं नवऱ्याला त्याचे खांदे कसे आहेत ते विचारावं, तेही तो समोर उभा असताना.

तो तसाच निघाला. पॅसेजमध्ये गेला, टेबलाखालची टोपली उपडी केली. रिकामी. कचरेवाला सकाळीच येऊन गेला होता. त्यानं गुडघ्यांवर बसून टेबलाखाली पाहिलं, चपलांच्या स्टँडमागं पाहिलं, दारामागं हात घातला. बोटभर पट्टी. कुठंच नाही.

एवढ्यावरून घाबरायचं का, असं तो स्वतःला विचारत होता. कागद तो कागद. चिंधी ती चिंधी. शहाणा माणूस अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही.

आतून बायकोचा आवाज आला. “पॅसेजमध्ये कोण आहे?”

५

शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही, पण काम करायला कुठं विश्वास लागतो? काटकोनानं खळ शिजवली.

कारखान्याचा एप्रन दाराच्या मागं खुंटीला होता. टोकाला बायकोच्या कात्रीचा घास दिसत होता. त्यानं शेजारचाच तुकडा कापला. स्वतःला कापडातून कापायचं म्हणजे भलतंच अवघड. डोकं, मान, खांदे. खांदे कसे आहेत आपले? आरशात पुढून दिसतात, मागून कुणी पाहिलेत? अंदाजानं कापले. थोडे रुंदच कापले, उगाच कशाला खोटं बोलू. आपल्याला संधी मिळाली असती तर तुम्ही-मीही रुंदच कापले असते. वरून एक शिवणीचा पांढरा दोरा केसांसाठी.

पाठमोरा. कोलाजच्या बाईंची अट होती ना.

कागदाची नवी पट्टी बोटभर कापली, तिच्यावर पॅसेज केला, दार केलं, दाराशी तो माणूस डकवला आणि पट्टी चित्राच्या उजव्या कडेला बसवायला घेतली. इथं एक गंमत सांगतो. कागदालाही लाकडासारखा धागा असतो, उभा किंवा आडवा. खळ लागली की कागद धाग्याला आडवा फुगतो. पोरसवदा बाइंडरलाही हे ठाऊक असतं: दोन कागद जोडताना दोघांचे धागे एका दिशेला ठेवायचे, नाहीतर सुकताना एकमेकांना ओढतात आणि सगळं वेडंवाकडं होतं. एक्केचाळीस वर्षांत काटकोन हे एकदाही विसरला नव्हता.

त्या दुपारी विसरला. आतून बायको दुसऱ्यांदा विचारत होती, “कोण आहे तिथं?” आणि त्याला नुसती घाई झाली होती.

पट्टी सुकली. वरच्या बाजूला दोऱ्याएवढी बाहेर आली. वाकडी! त्याचा हात सुरीकडे गेला आणि वाटेतच थांबला. पुन्हा छाटायची त्याची हिंमत होईना. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वाकडी कड तशीच सोडली आणि चित्र हॉलच्या भिंतीवर टांगलं.

“अहो,” बायको दारात येऊन म्हणाली, लख्ख, नेहमीच्या आवाजात, “तिथं काय उभे? चहा टाकलाय, चला.”

६

चार दिवस असे गेले की काटकोनाला वाटलं, उगाच तीन वर्षं आपण पॅसेजमध्ये काढली. ट्रेमध्ये चार कप. चार ताटं. मुलगा येता-जाता खांद्यावर थाप मारून जायचा. सून चक्क म्हणाली, “बाबा, तुम्ही घरात असलात ना की घर भरल्यासारखं वाटतं.” वॉचमननं सलाम ठोकला.

पाचव्या दिवशी तो आंघोळ करून आला आणि चहा मागितला.

“आत्ताच तर झाला तुमचा,” बायको म्हणाली. “दोनदा झाला. हा बघा कप.”

कप विसळायच्या भांड्यात होता. हात लावला तर कोमट.

वय झालं, विसरलो असेन, असं त्यानं मनाला समजावलं. मन म्हणालं, चहाची चव तोंडात कुठंय? त्यानं मनाला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्याला पॅसेजमधून आवाज आला. सुर्र, सुर्र. हाडाची पट्टी घडीवरून फिरते तो आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. बायको तिथंच कुठंतरी होती, कारण तिचं हसू ऐकू आलं. तरुणपणी हसायची तसं, पदोपदी अडखळत. बाथरूमचं दार उघडून तो तोंडाला फेस घेऊन धावला. पॅसेजमध्ये बायको एकटी उभी, टेबलाला टेकून.

“कुणाशी बोलत होतीस?”

“तुमच्याशीच की.” तिनं त्याच्या फेसाकडे पाहिलं. “हे काय? परत दाढी?”

टेबलापुढची खुर्ची गरम होती. बसल्यावर कळलं, आणि तो चटका लागल्यासारखा उठला.

मुलानं रात्रीच्या जेवणाला भाजी वाढून घेता घेता म्हटलं, “बाबा, तुम्ही काल म्हणालात ते मला फार पटलं.”

“काय म्हणालो?”

“तेच. घर तुमचं आहे, हवं तसं ठेवा, पसारा झाला तर होऊ दे, म्हणून.” मुलगा ताटाकडे बघत बोलत होता. “मी लहानपणापासून वाट बघत होतो, तुम्ही असं काहीतरी बोलाल याची.”

काटकोनाचा घास हातात राहिला. तो असलं काही बोलला नव्हता. जन्मात बोलला नसता. काल दिवसभर तर तो मुलाच्या बुटांच्या नाड्या सारख्या लांबीच्या करत होता.

पलीकडून बायकोनं आमटी वाढावी तसा विषय वाढला: “हल्ली फार मऊ झालेत तुझे बाबा.”

तिघंही हसले. काटकोनानंही हसून घेतलं. त्याला असं वाटलं, की हसणारे एकूण पाच होते.

७

शुक्रवारी तो वाचनालयात गेला. खरं सांगायचं तर घराबाहेर जरा मोकळं वाटायचं. बाहेर त्याला ओळखत होते आणि बाहेर तो एकच होता.

ग्रंथपाल बाईंनी पुस्तक घेतलं, सवयीनं पानं फरफर फिरवली आणि हसल्या. “काटकोन, तुमची खूण राहिली आत. एवढे हुशार तुम्ही, आणि दर वेळी आम्हाला एक कपटा भेट.”

चांगल्या कागदाची छाट फेकून द्यायची नाही, पुस्तकात खूण म्हणून घालायची: ही बाइंडरची सवय. हातानं ती परस्पर केली होती, डोक्याला न विचारता. बाईंनी बोटभर पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली.

तो तिथंच बाकावर बसला.

पॅसेज होता. चपलांचा स्टँड होता, त्यात चार जोड, एक जोड रेषेत. दार होतं. दाराशी तपकिरी माणूस, पाठमोरा. खांदे अरुंद होते. डावा जरा खाली, वर्षानुवर्षं दाबयंत्राचा दांडा ओढून झालेला. मानेपाशी मागचा एक केस सुटलेला. त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं की तो केस तिथं असतो.

आणि डाव्या खांद्यावर एक निळा कपटा. पाच बोटं. नखाएवढी, पण पाचही कापलेली.

ती पडद्याची दांडी नव्हती तर. ओट्यापाशी उभ्या बाईनं हात लांब केला होता, दोन खोल्या ओलांडून, आणि दाराशी उभ्या माणसाच्या खांद्यावर ठेवला होता. मनगटापाशी काप होता. सुरेख, सरळ.

“बरं वाटत नाहीये का?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं. “घरी जा पाहू.”

“जातो,” काटकोन म्हणाला. “घरीच जातो.”

८

त्यानं वाटेत सगळं ठरवलं. खळ अजून वाटीत असेल. नवी पट्टी कोमट पाण्याच्या फडक्यानं ओली करायची, सोलून काढायची, ही जुनी बसवायची, धाग्याला धागा, हाताला हात. अर्ध्या तासाचं काम. त्यात भुताखेताचं काय आहे? कारागिरीची चूक, कारागीर सुधारणार.

वॉचमननं त्याला अडवलं नाही. पाहिलंच नाही. वही उघडी होती, तिच्यावर माशी बसली होती.

तिसरा मजला. दुपारची चारची वेळ, स्वच्छ ऊन, लिफ्टच्या जाळीची सावली जमिनीवर चौकटी चौकटीची. दार थोडंसं उघडं होतं. किल्ली काढायचीही गरज नव्हती. त्यानं हात पुढं केला आणि आतून बायकोचा आवाज आला.

“अहो, हे बघितलंत का? कड वाकडी झालीय चित्राची. वरती, इथं.”

काटकोन थबकला. फटीतून पॅसेज दिसत होता. त्याच्या टेबलावर कोलाज उतरवून ठेवलं होतं. टेबलापुढं कुणीतरी उभं होतं, पाठमोरं, तपकिरी. खांदे रुंद.

त्याच्या शेजारी बायको.

त्या माणसानं लोखंडी पट्टी उचलली. गुण्या लावला. सुरी घेतली. काटकोन हाक मारणार होता, पण थांबला, कारण त्याला एकदम उमगलं, आणि उमगल्यावर आनंदानं हसू फुटायची वेळ आली. वाकडी पट्टी! तो जर आपल्यासारखा असेल, आपल्याच एप्रनचा असेल, तर त्याला ती कड सहन होणं शक्य नाही. तो छाटणार. आणि छाटली की काय जाणार? पट्टीवरचा पॅसेज जाणार, दार जाणार, आणि दाराशी उभा तोच जाणार. काप गड्या, काटकोन मनात म्हणाला. एका दमात काप. हात उचलू नकोस.

सुरीचं टोक कागदावर टेकलं.

लिफ्टच्या दोराचा आवाज थांबला होता. आत घड्याळ वाजत होतं. काटकोनानं श्वास धरून ठेवला.

मग सुरी परत टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. वेडीवाकडी ठेवली. ती जरा घरंगळली.

“असू दे,” त्या माणसानं म्हटलं. आवाज काटकोनाचाच होता, फक्त जरा पैस. “वाकडी तर वाकडी. तू केलंयस ना.”

बायको सरकून जवळ आली. मग तिचा निळ्या बाहीचा हात वर आला आणि त्या रुंद खांद्यावर टेकला. मनगट आता दुखत नसावं. सदतीस वर्षं संसार केला होता काटकोनानं तिच्याबरोबर. हे एवढंसं वाक्य त्याच्याकडून कुणी मागितलं असतं तर... पण कुणी मागितलंच नव्हतं. किंवा रोज मागितलं होतं.

“अगं!” तो ओरडला. “अगं, मी इथं आहे! बाहेर!”

बायकोनं मान वळवली. थेट फटीकडे. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेले, भिंतीवरून सरकावेत तसे.

“दार उघडंच राहिलंय,” ती म्हणाली. “वाऱ्यानं आवाज येतोय.”

“मी लावतो,” तो माणूस म्हणाला आणि वळला.

काटकोनानं ते पाहिलं. मी त्याला नंतर विचारू शकलो असतो, तर हेच विचारलं असतं, की नक्की काय पाहिलंस. पण तेवढंच दिसलं जेवढं दिसलं: तो माणूस वळला, पुरता वळला, दाराकडे चालत आला, आणि इकडूनही त्याची पाठच होती. तपकिरी वीण, मानेवर एक पांढरा दोरा, आणि दरवाज्याच्या मुठीकडे येणारा हात.

मागं बायको प्रेमानं म्हणत होती, “सावकाश हो, बोटं सापडतील.”

दार लागलं. हळूच, बिनआवाजाचं. चौकटीत अगदी नीट बसलं, कारण ते काटकोनानंच घासून घासून बसवलं होतं.

तो किल्ली शोधायला लागला. खिशात किल्ली नव्हती. होती ती फक्त पट्टी. त्यानं ती दाराखालून आत सरकवायला पाहिली, पण दाराखाली फट ठेवली नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यानंच बुजवली होती.

मग तो लिफ्टसमोरच्या त्या जागेत, दाराकडे तोंड करून, उभा राहिला. मागून कुणी पाहिलं असतं तर अरुंद खांदे दिसले असते, डावा जरा खाली. मुलगा-सून आज लवकर आलेले असावेत, आतून कपांचा आवाज येत होता. चार होते. त्यानं मोजले.

हातातली पट्टी त्यानं उजेडात धरली आणि सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला. कुठं दातरा नाही, कुठं थरथर नाही, निळ्या मनगटापाशीसुद्धा नाही. एक्केचाळीस वर्षांत इतका सरळ काप त्याच्या हातून कधी गेला नव्हता.